लिओ बर्जर : अकरा कापलेले पाय आणि एक निसटलेला धागा

व्हिएन्ना शहरात १८७९ साली तीन गोष्टी घडल्या. तिन्हींचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्या वेळी कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. फेलिक्स फॉन विनिवार्टर या शल्यवैद्याने एका ५७ वर्षांच्या माणसाच्या कापलेल्या पायाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पायातील धमन्या आणि शिरा आतून बुजून गेल्या होत्या. मॅक्स निट्झे या जर्मन डॉक्टराने मूत्राशयात आत डोकावून पाहण्याची दुर्बीण तेथील वैद्यकांच्या सभेपुढे ठेवली. आणि १३ सप्टेंबर रोजी एका ज्यू कुटुंबात लिओ बर्जर यांचा जन्म झाला. पुढे त्यांचे सारे व्यावसायिक आयुष्य या बुजलेल्या धमन्या आणि ती दुर्बीण यांच्यातच वाटले गेले.

बर्जर यांचे नाव आज जगभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाठ असते. ऐन पंचविशी-तिशीत, मधुमेह नाही, वाढलेले कोलेस्टेरॉल नाही, हृदयविकार नाही आणि तरीही पायाची बोटे काळी पडू लागलेला तरुण रुग्ण समोर आला की जे नाव प्रथम आठवते, ते त्यांचे. मात्र हा आजार ज्यांनी सर्वांत बारकाईने पाहिला, त्या माणसाला त्याचे मूळ मात्र अखेरपर्यंत नीट सापडले नाही. त्यांचे चरित्र वाचण्याजोगे आहे ते यामुळेच.

जन्मानंतर वर्षभरातच, १८८० साली, बर्जर कुटुंब अमेरिकेत गेले. लिओ यांचे प्राथमिक शिक्षण न्यूयॉर्क, शिकागो आणि फिलाडेल्फिया अशा तीन शहरांत झाले. पुढे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून १८९७ साली त्यांनी पदवी घेतली. या कॉलेजात शिक्षणशुल्क नव्हते. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतील कित्येक हुशार मुलांना उच्च शिक्षणाची वाट तेथूनच मिळाली. पदवी घेतली तेव्हा बर्जर अठरा वर्षांचेही पुरते झाले नव्हते. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होऊन १९०१ साली ते डॉक्टर झाले. लेनॉक्स हिल रुग्णालयात उमेदवारी करून ते माउंट सिनाई रुग्णालयात आले. १९०५-०६ च्या सुमारास त्यांनी ब्रेस्लाऊ येथील, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथील, शस्त्रक्रिया विभागात काम केले आणि परतल्यावर माउंट सिनाईतच बस्तान बसवले. ते शल्यवैद्य होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणारे विकृतिशास्त्रज्ञही होते. त्या काळात एकाच माणसाने ही दोन्ही कामे करणे फारसे नवलाचे नव्हते, पण बर्जर यांच्या बाबतीत तोच योग निर्णायक ठरला.

माउंट सिनाईची पार्श्वभूमी येथे समजून घ्यायला हवी. १८५२ साली हे रुग्णालय ज्यूंचे रुग्णालय म्हणूनच सुरू झाले होते. पुढे नाव बदलले आणि दारे सर्वांना खुली झाली, तरी विसाव्या शतकाच्या आरंभी रशिया आणि पोलंडमधून आलेल्या स्थलांतरितांचा मोठा ओघ याच रुग्णालयाकडे येत असे. दाटीवाटीच्या चाळींत राहणारे, शिवणकामाच्या कारखान्यांत दिवसाचे बारा-चौदा तास राबणारे हे लोक. त्यांतील काही तरुण पुरुष एक विचित्र तक्रार घेऊन येत. चालताना तळपाय किंवा पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते, पुन्हा चालू लागले की पुन्हा तेच. काही महिन्यांनी रात्रीची झोप उडे. पाय पलंगाखाली लोंबता ठेवला तरच थोडा आराम पडे. मग एखाद्या बोटाच्या टोकाला जखम होई, ती भरून येत नसे, बोट काळे पडे आणि शेवटी पाय कापावा लागे. घरचा कमावता माणूस तिशीतच अपंग होऊन घरी परते. काही वर्षांनी दुसऱ्या पायालाही तेच होई.

म्हाताऱ्या माणसांच्या पायाला गँगरीन होते, हे वैद्यकाला ठाऊक होते. वयानुसार धमन्या कडक होतात, आत चरबीचे थर साचतात, रक्ताची वाट अरुंद होते. तरुणांमधील या प्रकाराचे काय, याला ठोस उत्तर नव्हते. विनिवार्टर यांनी धमनीच्या आतल्या अस्तराची वाढ होऊन ती बुजते, असा निष्कर्ष काढला होता आणि तो बराच काळ मानलाही जात होता.

बर्जर यांनी कापलेले पाय टाकून न देता तपासायला घेतले. असे अकरा पाय. प्रत्येक पायातील धमन्या आणि शिरा गुडघ्याखालपासून पावलापर्यंत सोडवून घ्यायच्या, त्यांचे जागोजागी पातळ काप करायचे आणि एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, असे हे किचकट काम होते. १९०८ साली अमेरिकन जर्नल ऑफ द मेडिकल सायन्सेस या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या विकाराला थ्राँबोअँजायटिस ऑब्लिटरन्स असे लांबलचक नाव दिले. रक्ताची गुठळी, रक्तवाहिनीचा दाह आणि वाट बुजणे या तिन्ही गोष्टी त्या एका नावात आल्या आहेत.

या नावात त्यांचा मुद्दाही आला आहे. अस्तर वाढून धमनी बुजत नाही, तर आधी ती पेशींनी भरलेल्या दाहयुक्त गुठळीने बंद होते, असे त्यांचे म्हणणे होते. कालांतराने ती गुठळी तंतूंनी भरून घट्ट होते आणि तिच्यातून सुईच्या टोकाएवढ्या नव्या वाटा फुटतात, पण पावलाला पुरेल इतके रक्त त्यांतून जात नाही. महत्त्वाचे म्हणजे धमनीची भिंत बरीचशी शाबूत राहते. वार्धक्यातील आजारात भिंतच खराब होते. येथे भिंत उभी असते आणि वाट मात्र बंद असते. शिवाय धमनीबरोबर शेजारची शीरही सापडते. विकार सलग नसतो. एक तुकडा बंद, पुढचा तुकडा निरोगी, पुन्हा एक बंद, असा तो असतो आणि मोठ्या धमन्या सोडून गुडघ्याखालच्या, पावलाच्या आणि हाताच्या लहान धमन्यांना धरतो. शंभराहून अधिक वर्षांनंतरही या वर्णनाचा गाभा बदललेला नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक दुवा पुढे आणला. यातील काही रुग्णांच्या हातापायांवर त्वचेखालच्या शिरा लाल होऊन दुखतात, काही दिवसांनी तेथील दुखणे ओसरते आणि दुसरीकडे उमटते. हे फिरते शिरादाह आणि धमन्यांचा विकार एकाच आजाराचे भाग आहेत, हे त्यांनी दाखवले. अशा ताज्या शिरांचे तुकडे काढून पाहिल्याने आजाराची अगदी सुरुवातीची अवस्था त्यांना दिसली. त्यात पांढऱ्या पेशींचे बारीक पुंजके होते. असे पुंजके बहुधा संसर्गात दिसतात. येथेच त्यांची वाट चुकली.

तो जंतूंचा काळ होता. पाश्चर आणि कॉख यांच्या शोधांनंतर जवळजवळ प्रत्येक आजारामागे एखादा जंतू असणारच, अशी वैद्यकाची धारणा झाली होती. बर्जर यांनीही तरुणपणी जंतुशास्त्रात काम केले होते. या आजारामागेही न सापडलेला जंतू आहे, असा त्यांचा ग्रह झाला आणि तो शेवटपर्यंत टिकला. दुसरा ग्रह वंशाबद्दलचा होता. त्यांचे बहुतेक रुग्ण पोलिश आणि रशियन ज्यू असल्यामुळे हा प्रामुख्याने त्यांचाच आजार आहे, असे त्यांना वाटले आणि पुढे कित्येक पाठ्यपुस्तकांनी ते उचलले. ज्या रुग्णालयात ज्यू स्थलांतरितांचीच रीघ लागते तेथे ज्यू रुग्ण अधिक दिसणारच, हे आज उघड वाटते. पण स्वतःच्या वॉर्डालाच जग समजण्याची चूक मोठमोठ्या डॉक्टरांकडून झालेली आहे. हा आजार जपान, कोरिया, भारत आणि मध्यपूर्वेत मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे पुढील दशकांत स्पष्ट झाले.

या साऱ्या रुग्णांना बांधणारा धागा वेगळाच होता. ते जवळपास सगळे सिगारेट ओढणारे होते. सिगारेट वळणारे बोनसॅक यंत्र १८८० च्या दशकात आले होते आणि तोवर हातांनी वळली जाणारी सिगारेट एकाएकी स्वस्त झाली होती. १९०८ मध्ये तिशीत असलेली पिढी या स्वस्त सिगारेटवरच वाढली होती. तंबाखूचा विचार बर्जर यांनी केलाच नाही असे नव्हे. आजाराला हातभार लावणारी गोष्ट म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिले, पण मुख्य कारणाचा मान जंतूलाच दिला. खुद्द न्यूयॉर्कमधीलच विली मायर या शल्यवैद्यांनी तंबाखूवर थेट बोट ठेवले. माउंट सिनाईतच सॅम्युअल सिल्बर्ट यांनी वर्षानुवर्षे शेकडो रुग्णांचा पाठपुरावा करून दाखवले, की तंबाखू पूर्ण सोडणाऱ्यांचा आजार थांबतो आणि न सोडणाऱ्यांचे अवयव एकामागून एक जातात. एका अर्थाने बर्जर यांच्या आजाराचे उत्तर त्यांच्याच रुग्णालयात, त्यांच्या हयातीतच लिहिले जात होते.

तपासणीच्या बाबतीत मात्र बर्जर यांची नजर पक्की होती. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी इतकी साधी आहे की तिला कोणतेही उपकरण लागत नाही. रुग्णाला उताणे झोपवायचे आणि पाय वर उचलायचा. रक्तपुरवठा चांगला असेल तर पाय सरळ वर धरला तरी तळवा गुलाबीच राहतो. पुरवठा कमी असेल तर काही अंशांवरच तळवा पांढराफटक पडतो. मग पाय पलंगाखाली सोडायचा. काही वेळाने तो गडद लाल होतो. ज्या कोनात पाय पांढरा पडतो, त्यालाही त्यांचेच नाव आहे. पाय वर, मग खाली, मग आडवा, अशा क्रमाच्या व्यायामाची पद्धतही त्यांनी सुचवली. पुढे आर्थर अ‍ॅलन यांनी तीत सुधारणा केली आणि फिजिओथेरपीच्या पुस्तकांत ती दोघांच्या नावाने नांदू लागली.

अ‍ॅलन आडनावावरून आणखी एक गोष्ट आठवते. मनगटातून अँजिओग्राफी करण्यापूर्वी पंजाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्या नीट चालतात की नाही, हे पाहण्यासाठी मनगट दाबून एक चाचणी केली जाते. ती मेयो क्लिनिकच्या एडगर अ‍ॅलन यांनी १९२९ साली शोधली आणि तीही बर्जर यांच्या आजाराचे रुग्ण तपासण्यासाठीच. हे अ‍ॅलन वेगळे. आज हृदयाच्या तपासणीसाठी गेलेल्या माणसाचे मनगट डॉक्टर दाबतात, तेव्हा त्यामागे न्यूयॉर्कच्या त्या शिवणकामगारांचा इतिहास असतो.

बर्जर यांचे दुसरे काम मूत्रविकारांतले. १९०९ च्या सुमारास टिल्डन ब्राऊन यांच्या रचनेवर आधारून आणि रेनहोल्ड वॅपलर या कुशल उपकरणकाराच्या मदतीने त्यांनी मूत्राशयाची सुधारित दुर्बीण तयार केली. ब्राऊन-बर्जर सिस्टोस्कोप या नावाने ती अमेरिकेत काही दशके रोजच्या वापरात होती. एका आयुष्यात इतके काम पुरेसे ठरले असते. १९१७ साली ते न्यूयॉर्क पॉलिक्लिनिक या वैद्यकीय संस्थेत मूत्रविकार शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले, आणि १९२४ साली हातापायांच्या रक्ताभिसरणाच्या विकारांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ फिलाडेल्फियातून प्रसिद्ध झाला.

खासगी आयुष्यात त्यांनी १९१३ साली जर्मेन श्नित्झर या पॅरिसमध्ये जन्मलेल्या नामवंत पियानोवादक स्त्रीशी विवाह केला. त्यांना दोन मुले झाली, पण हा संसार टिकला नाही. पुढे त्यांनी दुसरा विवाह केला. त्यांचा स्वभाव फटकळ आणि आढ्यताखोर होता, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. १९३० च्या सुमारास ते न्यूयॉर्क सोडून लॉस एंजेलिसला गेले. तेथील कॉलेज ऑफ मेडिकल इव्हॅन्जेलिस्ट्समध्ये त्यांनी प्राध्यापकपद घेतले. हे महाविद्यालय सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे. या पंथात मद्य आणि तंबाखू दोन्ही वर्ज्य. तंबाखूच्या आजाराला ज्यांचे नाव आहे, पण त्याचे मूळ ज्यांनी जंतूत शोधले, ते बर्जर अशा प्रकारे धुराला मज्जाव असलेल्या संस्थेत शिकवायला गेले. तेथे त्यांचे फार काळ जमले नाही. काही वर्षांतच ते न्यूयॉर्कला परतले आणि खासगी व्यवसाय करू लागले. ६ ऑक्टोबर १९४३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा आजारही जवळजवळ पुसला जाणार होता. १९६० साली बोस्टनच्या वेसलर आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिले, की असा वेगळा आजार नाहीच, हे सारे नेहमीच्या धमनीविकाराचे किंवा गुठळ्यांचेच प्रकार आहेत. दोनच वर्षांनी व्हिक्टर मॅककुसिक आणि सहकाऱ्यांनी पुराव्यानिशी त्याला उत्तर दिले आणि आजार स्वतंत्र असल्याचे मत पुन्हा रुजले. त्या वादाचा एक फायदा झाला. पूर्वी तरुणाचा पाय काळा पडला की सरसकट बर्जरचा शिक्का मारला जाई, ते थांबले. निदानापूर्वी इतर कारणे वगळणे आवश्यक मानले जाऊ लागले.

ती कारणे विरळ आहेत, पण आहेत. खेळाडू आणि सैनिकांमध्ये गुडघ्यामागची धमनी पोटरीच्या स्नायूखाली दाबली जाऊ शकते. शस्त्रक्रियेने ती मोकळी केली की पाय वाचतो. ही रचना अँडरसन स्टुअर्ट या एडिंबरोच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने एका कापलेल्या पायात प्रथम पाहून नोंदली. ते सालही १८७९. धमनीच्या भिंतीत द्रवाची गाठ होऊन वाट दबते, हे दुसरे कारण. हृदयातून सुटलेली गुठळी पायात अडकते, हे तिसरे. संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेल्या तरुणांची संख्या भारतात दीर्घकाळ मोठी राहिल्याने येथे ते विसरून चालत नाही. महाधमनीला धरणारा ताकायासूचा आजार मुख्यतः तरुण स्त्रियांना होतो. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकिटो ताकायासू यांनी त्याचा पहिला रुग्ण १९०८ साली, म्हणजे बर्जर यांचा निबंध आला त्याच वर्षी, आपल्या देशातील परिषदेत मांडला होता. रक्त गोठण्याचे जन्मजात दोष आणि कोकेनसारखी व्यसनेही तपासावी लागतात.

हे सगळे वगळल्यावर उरतो तो बर्जर यांचा आजार, आणि भारतात त्याचे प्रमाण थोडे नाही. जेफ्री ओलिन यांनी २००० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये घेतलेल्या आढाव्यात पूर्वीच्या अभ्यासांचे आकडे दिले आहेत. हातापायांच्या धमन्यांचा विकार असलेल्या रुग्णांत या आजाराचा वाटा पश्चिम युरोपात अर्धा ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता, तर भारतात तो ४५ ते ६३ टक्के होता. आकडे जुने आहेत आणि मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांवरून काढलेले आहेत, हे लक्षात घेतले तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. याउलट अमेरिकेत, धूम्रपान घटले आणि निदानाचे निकष कडक झाले तसा, आजार ओसरत गेला. मेयो क्लिनिकमध्ये नोंदणी झालेल्या दर एक लाख रुग्णांमागे १९४७ साली त्याचे १०४ रुग्ण होते. १९८६ साली ते १२.६ इतके उरले.

भारतातील आकड्यामागे मुख्यतः विडी आहे. सिन्नर, सोलापूर, गोंदिया ही नावे महाराष्ट्राला विडी वळणाऱ्या हातांमुळे परिचित आहेत. तेंदूच्या पानात गुंडाळलेली चिमूटभर तंबाखू निरुपद्रवी वाटते. पण विडी विझू न देण्यासाठी झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात. ती ओढणारा बहुधा कष्टकरी असतो. अनवाणी किंवा साध्या चपलांत काम करतो, पायाला ठेच लागते, जखम होते, आणि ती भरत नाही. पाय गेला की मजुरी गेली. बर्जर यांच्या शिवणकामगारांची आणि याची कथा फार निराळी नाही.

उपचारांत शंभर वर्षांत बरीच भर पडली. अनुकंपी चेतातंतू कापण्याची शस्त्रक्रिया झाली, रक्तवाहिन्या रुंदावणारी आयलोप्रोस्टसारखी औषधे आली, पोटातील चरबीचा पडदा पायापर्यंत आणून बसवण्याचे प्रयोग भारतात झाले. हृदयाप्रमाणे बायपास मात्र येथे क्वचितच जमतो, कारण नवी वाहिनी जोडायला पुढे चांगली धमनीच उरलेली नसते. सर्वांत परिणामकारक उपाय बिनखर्चाचाच राहिला. क्लीव्हलँडच्या ११२ रुग्णांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू पूर्ण सोडलेल्यांपैकी ९४ टक्क्यांचे अवयव वाचले. ओढणे चालू ठेवणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांना काही ना काही गमवावे लागले. कमी करून भागत नाही. दिवसाला एक-दोन विड्याही आजार जागा ठेवण्यास पुरतात, आणि मिश्री, तंबाखू-चुना यांनाही येथे सूट नाही.

१९०८ च्या त्या निबंधाला २००८ साली शंभर वर्षे झाली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून भारतात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी लागू झाली. वॉर्डात मात्र तपासणी आजही तशीच सुरू होते. तरुण रुग्णाला झोपवून डॉक्टर त्याचा पाय वर उचलतात, तळव्याचा रंग पाहतात आणि मग हाताची बोटे पिवळी पडली आहेत का, तेही पाहतात.